औषधाला दाद न देणारा

४ मार्च, बुधवार. संध्याकाळी ५.
अखेर शिक्कामोर्तब झालं. माझा दमा साधा नाही.

इतकी वर्षं घसा कोरडा करून हेच सांगत होतो. पण घर की मुर्गी. आज छातीच्या विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. वय लेकीएवढं, पण पारख आहे. नळीत फुंकायला लावलं. आकडा आला २४०. माझ्या उंचीला साडेचारशेच्या आसपास हवा म्हणे. म्हणाल्या, वर्षभर पंप लिहून देतेय तरी फरक नाही, तर तुम्हाला एका अभ्यासात घेऊ. अभ्यासाचं इंग्रजी नाव दीड ओळीचं आहे. नर्सबाईंनी सोपं करून सांगितलं : ज्यांचा दमा औषधाला दाद देत नाही, अशा लोकांचा अभ्यास. एकूण चाळीस माणसं. माझा नंबर सव्वीस. आयुष्यात माझी निवड पहिल्यांदाच झाली आहे.

दाद का देत नाही, तेही समजावलं. नोंद करून ठेवतो. दम्यात श्वासाच्या नळ्या आतून सुजतात. नारिंगी पंपातलं औषध ती सूज उतरवतं. पण सूज सगळ्यांची सारखी नसते. काहींची ज्या पेशींमुळे येते त्या औषधाला घाबरतात. काहींची दुसऱ्याच पेशींमुळे येते, त्या औषधाला भीक घालत नाहीत. सिगारेट ओढणाऱ्यांना औषध कमी लागू पडतं. काहींच्या रक्तातच, पिढीजात, काही वेगळं असतं. चौथं कारण त्यांनी सगळ्यात जास्त वेळ सांगितलं, पण ते सर्वसामान्य लोकांसाठी होतं. लिहिलं नाही.

नवा नारिंगी पंप मिळाला. १२० पफ. किती उरले त्याचा आकडा मागे दिसतो. वर राखाडी टोपण घट्ट बसवलंय, काढायचं नाही. धुळीसाठी असावं. नर्सबाई टोपणाबद्दल बरंच सांगत होत्या, पण तेव्हा मी सही करत होतो. नऊ पानांचा फॉर्म. न वाचता सही केली. वाचत बसलो असतो तर अविश्वास दिसला असता.

सकाळी दोन पफ, संध्याकाळी दोन. चार आठवडे. आणि दर बुधवारी सहा वाजता नर्सबाई फोन करणार. माझी चौकशी करायला. दर बुधवारी. मी दोनदा विचारून खात्री केली.

५ मार्च, गुरुवार.
संकल्प : एकही पफ चुकवायचा नाही. विज्ञानाचा प्रश्न आहे.
सकाळी दोन. संध्याकाळी दोन. दोन्ही वेळा घड्याळ समोर ठेवून.
ही लेकीकडे गेल्याला आज अकरा महिने झाले. नातीच्या जन्माच्या वेळी आठ दिवसांसाठी गेली होती. नात चालायला लागली की परत येणार आहे.

६ मार्च, शुक्रवार.
चार पफ. फरक शून्य. जिन्यात तिसऱ्या मजल्यावर नेहमीसारखा थांबलो. आमच्या इमारतीची लिफ्ट जानेवारीपासून बंद आहे आणि मी लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत तक्रारींच्या फोनवर बसतो. दिव्याखाली अंधार. पण ही लिफ्ट आमच्या कंपनीची नाही, त्यामुळे माझ्याकडून काही होण्यासारखं नाही.

७ मार्च, शनिवार.
सकाळी दोन पफ घेतले आणि आवाज बसला. ऑफिसात फोन उचलून घाबरू नका, आमचा माणूस निघाला आहे, असं म्हणालो तर लिफ्टमध्ये अडकलेला गृहस्थच घाबरला. शेजारच्या टेबलावरची टाचणी (बांधा तसा आणि बोलणंही तसंच) म्हणाली, पंप घेतल्यावर चूळ भरायची असते. हिला कसं माहीत? तर म्हणे तिलाही लहानपणापासून दमा आहे. तोच नारिंगी पंप. आता बॅडमिंटन खेळते.
म्हणजे तिचा दमा साधा आहे.
निर्णय : पंप तात्पुरता बंद. अडीच दिवसांत लागू पडला नाही तो काय पडणार. शिवाय माझा आवाज हेच माझं भांडवल आहे.

८ मार्च, रविवार.
हिचा फोन. रविवारी अकराला येतो. मी अभ्यासाबद्दल, चाळीस माणसांबद्दल, नंबर सव्वीसबद्दल सांगितलं. मागे नात भांडं आपटत होती. ही म्हणाली, ते सगळं ठीक आहे, पण पंप घेताय ना? इतकी वर्षं संसार केला तरी माणसाला ओळखत नाहीत लोक. हो म्हणालो. सहा मिनिटं.
नात पळते म्हणे आता.

११ मार्च, बुधवार. संध्याकाळी ७.
साडेपाचपासून फोनजवळ होतो. इस्त्रीचा शर्ट घातला. फोनवर दिसत नाही हे मला कळतं. पण आवाजात फरक पडतो.
सहा वाजून दोन मिनिटांनी आला. नर्सबाई काका म्हणतात. झोप लागते का, खोकला कसा आहे, जिना चढताना थांबावं लागतं का, अचानक दम लागला की घ्यायचा निळा पंप किती वेळा लागला, दम लागून कुठलं काम अडलं का. मी प्रत्येक प्रश्नाचं सविस्तर उत्तर दिलं. जिन्याच्या प्रश्नाला मजल्यांप्रमाणे. मग विचारलं, नारिंगी पंप घेताय ना? घेतोय म्हणालो. रोज सकाळी हातात घेतो, त्यामुळे खोटं म्हणता येणार नाही.
शेवटी विचारलं, आणखी काही सांगायचंय का काका?
हा प्रश्न मला याआधी कुणी कधी विचारला होता, आठवत नाही. आठवेपर्यंत वेळ गेला आणि मी आमच्या लिफ्टबद्दल सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.
चौदा मिनिटं.

१२ मार्च, गुरुवार.
नीट विचार केला. समजा, पंप घेतला आणि लागू पडला. मग मी दाद देणारा ठरणार. म्हणजे अभ्यासातून नाव कमी. चाळीसची एकोणचाळीस होणार. त्यांचा सगळा हिशेब बिघडणार. फक्त माझ्या दोन फुप्फुसांच्या सोयीसाठी मी विज्ञानाचं नुकसान करावं का? पटत नाही.

१४ मार्च, शनिवार.
संकल्प : सोमवारपासून पंप सुरू. कुणाला शंका यायला नको.

१६ मार्च, सोमवार.
सोमवारी सुरू केलेली कामं टिकत नाहीत असा माझा अनुभव आहे. बुधवारचा फोन झाला की पाहू.

१८ मार्च, बुधवार.
या वेळी मुद्दे कागदावर काढून ठेवले होते. सतरा मिनिटं. नर्सबाई मध्ये दोनदा बरं म्हणाल्या आणि एकदा अरेरे. अरेरे खोकल्याला होतं. कागदावर खोकला तिसरा होता. पुढच्या वेळी पहिला घेतो.

२० मार्च, शुक्रवार.
टाचणीने विचारलं, तुमचा पंप काय म्हणतो? मी पेशींचे प्रकार समजावून सांगितले. तिच्या पेशी औषधाला घाबरतात, माझ्या भीक घालत नाहीत, यात कमी-जास्त काही नाही, निसर्ग आहे. तिने ऐकलं आणि विचारलं, किती दिवस घेतलात? मला तेवढ्यात फोन आला. प्रत्यक्षात आला नव्हता. मी उचलला.

२३ मार्च, सोमवार. संध्याकाळी.
क्रमाने लिहितो.
दुपारी अडीचला ऑफिसचा जिना चढून जागेवर बसलो आणि छाती आवळली. निळा पंप कोटात, कोट खुंटीवर, खुंटी आठ पावलांवर. तेवढ्यात फोन. एक बाई सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मध्ये अडकलेल्या. मी घाबरू नका म्हणायला गेलो तर घा च्या पुढे आवाज निघेना. शिट्टीच वाजली. बाईंनी ती ऐकली. मग विचारलं, अहो, तुम्ही ठीक आहात ना? मी म्हणायचा प्रयत्न केला, आमचा माणूस. बाई म्हणाल्या, तुमचा माणूस राहू द्या, तुमच्याजवळ कुणी आहे का? खाली बसा. पुढे वाका. हळू श्वास सोडा. मी मोजते. आणि लिफ्टमध्ये लोंबकळत त्या मोजत राहिल्या. टाचणीने कोटातून निळा पंप आणला. सहा पफ.
बाईंना चाळीस मिनिटांनी काढलं. त्यांनी तक्रार नोंदवली नाही. उलट, फोनवर होते त्यांची तब्येत आता कशी आहे, असं विचारलं म्हणे.
कंपनीत एकवीस वर्षं झाली. आज घाबरलो. खोटं कशाला लिहू.

२४ मार्च, मंगळवार.
आज मंगळवार असून हिचा फोन आला! टाचणीने परस्पर कळवलं. नंबर कुठून मिळवला देव जाणे. आधी मला राग आला, मग नाही आला.
ही म्हणाली, मी येते. लेकीला रजा मिळाली की नातीची सोय लागेल, एकोणीस एप्रिलचं तिकीट काढते. मी म्हणालो, काही गरज नाही, मी समर्थ आहे. ती म्हणाली, ते दिसलंच. मी दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणणार होतो, पण उगाच ऐकायची.
संध्याकाळी कपाटातला तिचा कप्पा मोकळा केला. त्यात माझ्या फायली शिरल्या होत्या.

२५ मार्च, बुधवार.
फोन. लिफ्टवाल्या बाईंची हकिगत पहिल्यापासून सांगितली. नर्सबाई काळजीत पडल्या, डॉक्टरांना सांगते म्हणाल्या. सव्वीस मिनिटं! विचारलं, नारिंगी पंप नियमित चालू असतानाही एवढा त्रास झाला? मी म्हणालो, बघा ना.

२९ मार्च, रविवार.
हिचा फोन. तिकीट निघालं. मी म्हणालो, कशाला घाई केलीस. अकरा मिनिटं, त्यातली तीन नातीबरोबर. नात बोलत नाही, श्वास घेते. ऐकायला बरं वाटतं.

१ एप्रिल, बुधवार. दुपारी ३.
आज तपासणी होती. पहाटेपासून कामात.
पंपाच्या मागे आकडा ११०. आजपर्यंतचे सगळे पफ घेतले असते तर हवा होता १०. म्हणजे शंभर पफ जायला हवेत. आकडे नीट नसले की अभ्यास करणाऱ्यांचा गोंधळ होतो. म्हणून मोरीत गेलो, खिडकी उघडली आणि बाहेरच्या बाजूला पफ मारायला सुरुवात केली. वाटतं तितकं सोपं नाही. दर वेळी हलवायचा, दाबायचा. चाळिसाव्याला अंगठा दुखायला लागला. सत्तरला डावा हात घेतला. समोरच्या इमारतीतला एक म्हातारा दात घासता घासता पाहत होता. मी मान हलवली, त्याने हलवली. शेवटी घाईत एक जास्त झाला. आकडा ९. चालायचंच. एखाद दिवशी माणूस जास्त घेऊ शकतो.
एवढी मेहनत औषध घ्यायला केली असती तर, असा एक विचार आला. येतात असे विचार.

हॉस्पिटलात नर्सबाईंनी आकडा पाहिला, लिहून घेतला. मग राखाडी टोपण एका टॅबलेटला टेकवलं. पुसत असाव्यात. डॉक्टरीणबाईंनी त्या पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा पडद्याकडे. म्हणाल्या, काका, असा आलेख मी आजवर पाहिला नाही.
मी नम्रपणे मान खाली घातली.
म्हणाल्या, टोपणात चिप आहे, फॉर्मवर लिहिलंय, नर्सनेही सांगितलं होतं. प्रत्येक पफची वेळ त्यात नोंदली जाते. पहिल्या तीन दिवसांत दहा पफ. मग चोवीस दिवस काही नाही. आणि आज सकाळी सात दहा ते सात अडतीस, एकशे एक.

खोलीत खूप उजेड होता. मी म्हणालो, यंत्रंच ती, चुकतात. आमच्या लिफ्टचंही तसंच आहे. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. विचारलं, अंगठा दुखतोय का?
खरं तर दुखत होता.

नाव कमी करतील असं वाटलं. नाही! उलट नवा भरलेला पंप आणि माझ्यासाठी खास योजना. उद्यापासून दोन आठवडे, रोज सकाळी साडेसात आणि संध्याकाळी साडेसातला, नर्सबाई व्हिडिओवर फोन करणार आणि मी त्यांच्यासमोर पफ घ्यायचे. त्यानंतरच कळेल म्हणे, माझा दमा खरंच दाद देत नाही, की. की च्या पुढचं वाक्य नीट ऐकू आलं नाही.
आठवड्यातून एक फोन होता, तो दिवसाला दोन झाला. चिकाटीचं फळ.

२ एप्रिल, गुरुवार.
पहाटे पाचला उठून बैठकीची खोली झाडली. मागे पुस्तकांचं शेल्फ दिसेल असा फोन ठेवला. कुंडीतलं झाड हिचं होतं, ते आता काठी आहे. ते बाजूला केलं. दिवा डावीकडे. उजवीकडून पोट दिसतं.
साडेसातला नर्सबाई. तोंडावरची टोपी काढा, हलवा, पूर्ण श्वास सोडा. आता दाबा आणि ओढा. धरा, दहा. सोडा. एक मिनिट थांबा, दुसरा. आता चूळ भरा. कळलं की गेल्या वर्षी घेत होतो तेव्हा मी आधी दाबायचो आणि मग दमाने ओढायचो. औषध दातांवरच बसत होतं. दात निरोगी आहेत, ते त्यामुळे असेल.
चार मिनिटं. पण चेहरा दिसतो.

४ एप्रिल, शनिवार.
नर्सबाईंना सुट्टी. बदली म्हणून एक दाढीवाला. घ्या. धरा. सोडा. चूळ. एकूण चार शब्द. मी म्हणालो, आज हवा छान आहे. तो म्हणाला, चूळ.
मन लागलं नाही. पण पफ घेतले. तो बघत होता.

५ एप्रिल, रविवार.
सकाळी नर्सबाई, अकराला ही. माझ्याकडे आता गर्दी असते. हिने विचारलं, दम? मी म्हणालो, आहे तसाच. खरं म्हणजे काल झोप मोडली नाही. पण एका झोपेवरून निष्कर्ष काढू नये.

७ एप्रिल, मंगळवार.
घरच्या नळीवर फुंकलं : ३१०. नळी जुनी झाली आहे.

९ एप्रिल, गुरुवार.
एक विचित्र गोष्ट. संध्याकाळी घरी आलो, किल्ली काढली, दार उघडलं आणि मग लक्षात आलं की तिसऱ्या मजल्यावर थांबायचं राहून गेलं. परत खाली जाऊन पुन्हा चढलो. पुन्हा थांबावं लागलं नाही. मुद्दाम थांबलो. तिथे उभं राहून करायचं काय ते सुचेना.
साडेसातला नर्सबाईंना काही बोललो नाही. त्या टोस्ट खात होत्या. मी विचारलं, जेवण नाही का केलं? म्हणाल्या, वेळ नाही मिळाला काका, तुमच्यानंतर अजून तीन जण आहेत.
तीन जण?

१० एप्रिल, शुक्रवार.
३७०. नवी नळी घेतली. नवीवर ३७५.
हवामानाचा परिणाम असावा.

१३ एप्रिल, सोमवार.
रात्रभर झोपलो. खोकला नाही. निळा पंप कोटात आहे, कोट खुंटीवर आहे, आणि दिवसभर तिकडे लक्ष गेलं नाही. टाचणी म्हणाली, तुमचा रंग सुधारला. मी म्हणालो, दिवे बदललेत. दिवे तेच आहेत म्हणाली.
संकल्प : बुधवारी फुंकताना फार जोर लावायचा नाही.

१५ एप्रिल, बुधवार. दुपारी.
बाहेर बाकावर एक बाई बसल्या होत्या. माझ्याच वयाच्या, शाळेत गणित शिकवायच्या, आता सोडलं. एक वाक्य बोलायला त्यांना तीन श्वास लागत होते. आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं. म्हणालो, मी नंबर सव्वीस. त्या म्हणाल्या, मी अकरा. मी पेशींबद्दल बोलायला लागलो, त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांचा पंप एकदाही चुकलेला नाही. दोन वर्षं. टोपणातही तशीच नोंद आहे. चूळ भरतात, दहापर्यंत धरतात, सगळं करतात. काही होत नाही. पहाटे तीनला खिडकीशी बसतात. आता सुईचं औषध करून पाहणार आहेत, तेही लागू पडेलच असं नाही.
मला विचारलं, तुम्हालाही फरक नाही ना?
मी म्हणालो, थोडा आहे.
त्या म्हणाल्या, अहो, मग नशीबवान आहात. आणि खरोखर आनंदाने म्हणाल्या. श्वास अडकत होता तरी हसल्या.
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मोरीच्या खिडकीतून शंभर पफ सोडले होते. त्या दात घासणाऱ्या म्हाताऱ्याच्या दिशेने.

आत गेलो. जोर कमी लावायचा ठरवलं होतं, पण त्या बाईंच्या नंतर ते जमेना. फुंकलं. ४१०.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अभिनंदन काका. तुमचा दमा अगदी नेहमीचा आहे. रक्तातल्या पेशीही औषधाला घाबरणाऱ्याच आहेत. औषध छातीत पोचलं की काम करतं, तुमच्या बाबतीत ते पोचत नव्हतं. बहुतेकांचं हेच कारण असतं, पहिल्या दिवशी सांगितलं होतं मी, चौथं. मी म्हणालो, हो, मी लिहून घेतलं होतं.
अभ्यासातून नाव कमी. जागा दुसऱ्या कुणाला देणार. पंपावरचं राखाडी टोपणही काढून घेतलं.
नर्सबाईंना विचारलं, बुधवारी? म्हणाल्या, आता फोनची गरज नाही काका. तुम्ही बरे आहात. मोबाइलमध्ये घंटा लावून दिली. साडेसातला वाजेल. मी विचारलं, ती वाजल्यावर काय म्हणायचं? त्यांना वाटलं मी विनोद केला.

१५ एप्रिल. संध्याकाळी ८.
घंटा वाजली. बंद केली. पफ घेतले. शर्ट इस्त्रीचाच होता.

१६ एप्रिल, गुरुवार.
खचून जाण्याचं कारण नाही. रविवारी ही येतेय. तिला ४१० सांगायचं, जिना सांगायचा, नवऱ्याने मनावर घेतलं की काय होतं ते दाखवायचं. पडदे धुवायला टाकले. कुंडीत नवं झाड आणलं, जुन्याच्याच जातीचं. फरक कळायचा नाही.

१७ एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळी ६.
रविवारपर्यंत धीर निघेना. आपणहून फोन लावला.
सगळं सांगितलं. चार मजले, एकदाही न थांबता. निळा पंप पंधरा दिवसांत एकदाही नाही. चारशे दहा. डॉक्टर अभिनंदन म्हणाल्या तेही. बढाई म्हणून नाही. बढाई म्हणूनच.
 ही म्हणाली, खरंच? थट्टा नाही ना? मग म्हणाली, किती बरं वाटलं म्हणून सांगू. तुमच्या काळजीने गेले तीन आठवडे घास गोड लागत नव्हता. आवाज ओला झाला होता.
आणि म्हणाली, मग आता धावत यायची घाई नाही. लेकीची रजाही वाचेल. नातीला पाळणाघराची सवय लागेपर्यंत राहते मी, तिकीट परत करून टाकते. चालेल ना?
मी म्हणालो, हो हो, चालेल की. मी तर पहिल्यापासून नको म्हणत होतो.
नऊ मिनिटं.
पडदे अजून ओले आहेत.

१८ एप्रिल, शनिवार.
तिकीट परत झालं.
सकाळी घंटा वाजली, तेव्हा पंप हातात घेऊन बसून राहिलो. हिशेब सोपा आहे. दोन आठवडे बंद ठेवायचा. छाती आवळेल, टाचणी कळवेल, ही येईल. या वेळी टोपणही नाही, कुणाला कळणार नाही.
मग त्या गणिताच्या बाई. नशीबवान आहात.
घेतला.
ही गेली तेव्हा मला दम्याचा एवढा त्रास नव्हता. जिना न थांबता चढत होतो. तरी आठ दिवसांचे अकरा महिने झाले. बारा. याचा छातीशी काही संबंध नाही. हे याआधी लिहायला हवं होतं, किंवा आताही लिहायला नको होतं.

१९ एप्रिल, रविवार.
संकल्प : आज सरळ सांगायचं. कागदावर लिहून घेतलं. दोनच वाक्यं. तू ये. मला करमत नाही. पाठ करण्यासारखं काही नाही, तरी पाच वेळा म्हणून पाहिलं. चांगलं जमलं.
अकराला फोन आला. कागद समोर होता. मी घसा साफ केला.
ही घाबरली. विचारलं, काय झालं? पुन्हा दम लागतोय का? खरं सांगा, लागत असेल तर मी आजच्या आज निघते.
मी म्हणालो, नाही. श्वास अगदी मोकळा आहे.
ती म्हणाली, हुश्श. मग ठीक आहे. आणि आणखी काय?
मी म्हणालो, काही नाही. आमची लिफ्ट सुरू झाली.
झालेली नाही.
चार मिनिटं.